रोज दहाला पिवळा

काचेचं दार काही केल्या उघडत नव्हतं.

तो कार्ड टेकवायचा, दार लाल डोळा दाखवायचं. तो कार्ड शर्टाला पुसायचा, पुन्हा टेकवायचा... पुन्हा लाल. मागे क्षमा उभी होती. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात लेकीची, गार्गीची पाण्याची बाटली. ती पाळणाघरात द्यायची राहिली आणि आईबरोबर ऑफिसलाच आली होती.

"ओ, जरा सरकता का? लेट मार्क लागेल मला."

"सरकतो की. पण मग तुमच्या मागोमाग आत आलो तर चालेल?"

"अजिबात नाही."

वॉचमन धोंडिराम स्टुलावरूनच म्हणाला, "मॅडम, त्यांचं नावच नाय सिस्टीममध्ये. दोनदा बघितलं मी."

"अहो कसं असेल?" तो माणूस काकुळतीला आला होता. "ज्या सिस्टीममध्ये नाव नाही म्हणताय, तीच बसवायला आलोय ना मी!"

क्षमाला हसू आलं. आवरायच्या आतच आलं. त्याने वळून पाहिलं आणि मग तोही हसला, आधी डोळ्यांनी, मागाहून ओठांनी.

घाटकोपरच्या त्या सहकारी बँकेचं हेड ऑफिस. तिथे एक डिरेक्टरी सर्व्हर होता. बँकेत आपलं कोण आणि परकं कोण, हे ज्याला विचारायचं तो सर्व्हर. शाखेतला प्रत्येक माणूस सकाळी पासवर्ड टाकतो, डिरेक्टरी म्हणते, हो, हा आपला. मग पुढचं सगळं उघडतं. जुना सर्व्हर थकला होता. नवा बसवायला कंपनीने हा इंजिनिअर धाडला होता, मुलुंडचा, मिहिर नावाचा... आणि तोच परका ठरून दाराबाहेर ताटकळत होता.

"सोडा त्यांना, धोंडिराम. माझ्या नावावर."

"जबाबदारी तुमची हां मॅडम."

"माझी, माझी."

आत शिरताना मिहिर हळूच म्हणाला, "पहिल्याच भेटीत माझी जबाबदारी घेतलीत? मुलुंडला याला निदान दोन चहा लागतात."

"घाटकोपरला एकात भागतं," ती म्हणाली. "पण तो तुम्ही पाजायचा."

*

क्षमाचं काम म्हणजे बघत बसणं, असं तिच्या आईला वाटायचं. ते फारसं चुकीचंही नव्हतं. तिच्या टेबलासमोर मोठा पडदा होता आणि त्यावर बँकेच्या साऱ्या सर्व्हरांचे ठिपके. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष दे, लाल म्हणजे वाट लागली. नव्या डिरेक्टरीचा ठिपका त्या पडद्यावर आणायचा होता, म्हणून मिहिरने खुर्ची ओढून तिच्या शेजारी ठाण मांडलं.

"एसएनएमपी माहितीय ना तुम्हाला?"

"मी चार वर्षं तेच खातेय, सर."

"सर नको हो. मग सांगा बरं, काय असतं ते."

तो परीक्षा घेत नव्हता. त्याला तिचं बोलणं ऐकायचं होतं, हे तिच्या लक्षात आलं आणि उगाचच कानाची पाळी गरम झाली.

"माझं मशीन दर थोड्या वेळाने प्रत्येक सर्व्हरला विचारतं, बाबा रे, कसा आहेस? तो आकड्यांत सांगतो. किती जण जोडलेत, किती शोध झाले, किती चुका. आकडा लिमिटच्या वर गेला की ठिपका पिवळा, आणि ज्याची जबाबदारी त्याच्या मोबाईलवर मेसेज. आकडा उतरला की हिरव्याचाही. झालं."

"झकास! आणि विचारायच्या आधीच एखाद्याला राहवलं नाही तर?"

"तर तो स्वतःहून ओरडतो. पण असे कमी. बहुतेक जण विचारल्याशिवाय बोलत नाहीत."

"आणि तुम्ही? विचारल्यावर बोलणाऱ्या की ओरडणाऱ्या?"

"मला कोण विचारतंय!"

ती थट्टेतच म्हणाली होती, पण वाक्य जड होऊन खाली पडलं. घटस्फोटाला दोन वर्षं झाली होती. लोक 'कशी आहेस' म्हणायचे आणि उत्तराच्या आत पुढे निघून जायचे. तिनेही 'ठीक' हा शब्द दाराशी चपला ठेवाव्यात तसा तयार ठेवला होता. कधीही पायात सरकवावा.

दुसऱ्या दिवशी मिहिर तिच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "क्षमा, कशी आहेस?" आणि थांबला. खरंच थांबला. हातातल्या चहावर साय धरेपर्यंत.

"ठीक," ती म्हणाली.

"आकड्यात सांग."

"म्हणजे?"

"दहापैकी."

ती पडद्याकडे बघत राहिली. "सहा," तिने शेवटी सांगितलं. "पावणेसहा. गार्गीला रात्री ताप होता."

"मग दुपारी निघ लवकर. पडदा मी बघतो."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

*

मग रोज तेच. तो विचारायचा, ती आकडा सांगायची. कधी साडेसहा, कधी सात. खाऊ गल्लीत मैसूर डोसा खाल्ला त्या संध्याकाळी तर आठ. डोसेवाल्याने तव्यावर लोण्याचा गोळा असा काही फेकला, की चरचर आवाजात मिहिरचं अर्धं वाक्य बुडालं.

"काय म्हणालास?"

"काही नाही... चटणी तिखट आहे म्हटलं."

तो तसं म्हणाला नव्हता. पण तिने पुन्हा विचारलं नाही. बोटांवरची चटणी पुसताना तिच्या लक्षात आलं, आपण कागदी रुमालाचे बारीक बारीक तुकडे करतोय.

एका शनिवारी पाळणाघर बंद होतं, म्हणून पाच वर्षांची गार्गी ऑफिसात आली. मिहिरच्या खुर्चीवर बसून तिने गरगर फेऱ्या मारल्या, त्याच्या डब्यातले दडपे पोहे संपवले आणि तोंड पुसत आईला विचारलं, "हा काका आपल्या घरी पण येणार?"

"नाही गं."

"का?"

दोघंही पडद्याकडे बघायला लागले. सगळे ठिपके हिरवे होते, बघण्यासारखं तिथे काहीही नव्हतं.

डिरेक्टरी उभी राहिली. शाखांमागून शाखा तिच्यावर आल्या आणि मिहिरचं काम संपलं. कंपनीने त्याला भुवनेश्वरला धाडायचं ठरवलं. तिथली बँक मोठी, काम मोठं, किती महिन्यांचं ते कोणालाच माहीत नाही. शेवटच्या दिवशी त्याने डिरेक्टरीची लिमिट घालून दिली आणि अलार्मच्या नंबरांत स्वतःचा मोबाईल टाकला.

"सपोर्ट चालू आहे तोवर माझा नंबर राहू दे. काही पिवळं झालं तर मला कळेल."

"आणि नाही झालं तर?"

त्याने तिच्याकडे बघितलं. ओठ हलले... तेवढ्यात हेड शुभा मॅडम समोशांची पिशवी घेऊन आल्या. "चला रे, मिहिरचा निरोप!" सगळे जमले. निघताना दारात त्याने कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला आणि तो बाहेर पडला. क्षमा हातातला समोसा तसाच धरून उभी होती.

*

त्याने डिरेक्टरी इतकी चांगली बसवली होती, की मेली कधी आजारीच पडेना.

आठवडे गेले. ठिपका हिरवाच, तिच्याकडे मख्खपणे बघत राहणारा. मिहिरला फोन करायला काही कारण हवं ना? त्यालाही हवं असेल. दोन मोठ्या, शहाण्या माणसांनी 'सहज' म्हणून फोन करायचा, तर त्या सहजच्या मागचं सगळं ओझं उचलायला नको? एकीच्या पदरात लेक, मोडलेला संसार आणि गल्लीभर जिभा. दुसरा इतका भिडस्त, की डोशाच्या चरचरीत वाक्य बुडलं तर ते पुन्हा वर काढायचाही नाही.

मग तिमाही अखेर आली, शाखांत गर्दी उसळली आणि डिरेक्टरी घटकाभर पिवळी झाली. लगेच फोन वाजला.

"क्षमा, काय झालं गं?"

"काही नाही रे. गर्दी आहे. उतरेल आता."

"बरं."

"बरं."

कोणीच फोन ठेवला नाही. सर्व्हरचं बोलून झालं होतं दोन मिनिटांत. मग तिथलं भाज्या घातलेलं वरण, दालमा, तिथला उकाडा, गार्गीचा पडलेला दात, खाऊ गल्लीत लागलेली नवी गाडी. शेवटी त्याने विचारलं, "कशी आहेस? आकड्यात?"

"आत्ता? नऊ," ती म्हणाली, आणि जीभ चावली.

त्यानंतर पुन्हा हिरवंगार. दिवसच्या दिवस.

एका दुपारी क्षमाने डिरेक्टरीची लिमिट उघडली. किती माणसं जोडली गेली की पिवळं व्हायचं, तो आकडा. तिने तो पुसला आणि निम्मा करून ठेवला. कोणी बघितलं नाही. ती कपाळावरचा घाम पुसत उठली आणि एसीखाली जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दहाला शाखा उघडल्या. साऱ्यांनी एकदम पासवर्ड टाकले, आकडा चढला आणि ठिपका पिवळा झाला. तिचा मोबाईल थरथरला.

"काय झालं गं?"

"काही नाही रे," ती म्हणाली. "गर्दी आहे."

मग रोजच. दहाला पिवळा, लगेच मिहिर, साडेदहाला हिरवा. त्याने एकदाही विचारलं नाही, की रोजच का. ती मनात म्हणायची, बिचाऱ्याच्या लक्षातच येत नाहीये. रविवार तिला नकोसा व्हायला लागला.

"काय गो," आई एका सकाळी पोळपाटावरून म्हणाली, "हल्ली ऑफिसात जावची भारी घाई तुका. पगार वाढलो काय?"

"नाही गं आई."

"मगे केसांक फूल कित्याक?"

क्षमाने फूल काढलं. जिना उतरताना पुन्हा लावलं.

*

बँकेने आता स्वतःचा माणूस घेतला होता, सुयोग. हुशार, पण भारी घाईचा. एक दिवस तो म्हणाला, "ताई, हे रोजचं पिवळं काय आहे यार? मी तर बघायचंच सोडलंय."

आजच लिमिट वर न्यावी, असं तिला वाटलं. मग वाटलं, उद्या. उद्या नक्की.

उद्या पेन्शनचा दिवस होता. दहाला पिवळं झालं, मिहिरचा फोन आला, नेहमीसारख्या गप्पा झाल्या. साडेदहा उलटल्यावर फोन पुन्हा वाजला. असं कधी होत नसे.

"क्षमा, हसू नकोस, पडदा बघ. हिरव्याचा मेसेज आला नाही अजून. आकडा उतरत नाहीये."

तिने पाहिलं. आकडा उतरत तर नव्हताच, चढत होता. सुयोग समोर बसून चहा पीत होता. पिवळ्याकडे त्याने मानही वळवली नव्हती. दुसरीकडे मुलुंड शाखेचा फोन वाजत होता. लॉगिन होत नाही, म्हातारी माणसं खोळंबलीत, एका आजींना चक्कर आलीय.

"कुठून जोडले जातायत बघ," मिहिरचा आवाज शांत होता. "एकाच मशीनकडून असतील."

"हो... रजेच्या अर्जांचं नवं ॲप. कालच चालू केलंय. जोडतंय आणि सोडतच नाहीये."

"बंद करायला सांग ते. आत्ता."

सुयोगने चहा टाकून धाव घेतली. ॲप बंद झालं आणि आकडा गडगडत खाली आला. मुलुंडहून निरोप आला, आजींना पाणी दिलं, पेन्शन मिळाली, त्या घरी गेल्या.

शुभा मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बाहेरच्या माणसाला कळलं, आपल्याला नाही. सपोर्ट संपून किती दिवस झाले, तरी त्याचा नंबर आपल्या अलार्ममध्ये कसा?"

मॅडमनी अलार्मची यादी तिच्यापुढे सरकवली.

"आणि ही लिमिट निम्म्यावर कोणी आणली?"

"मी."

मॅडमनी चष्मा काढला. तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांतल्या फुलाकडेही पाहिलं असावं.

"का, ते मी विचारत नाही, क्षमा. पण रोज खोटं पिवळं दिसलं की खरं पिवळं कोणी बघत नाही. संध्याकाळच्या आत दोन्ही नीट कर."

तिने लिमिट होती तिथे नेली. मग अलार्मच्या नंबरांतला मिहिरचा नंबर निवडला. पुसताना मशीनने विचारलं, नक्की ना? यापुढे या व्यक्तीला काहीही कळवलं जाणार नाही.

हो म्हणायला तिला फार वेळ लागला.

*

दहा वाजत, शाखा उघडत, आकडा चढून उतरत असे. ठिपका हिरवा राही. फोन वाजत नसे.

तो करेल, असं पहिल्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी कळलं, करणार नाही. मेसेज थांबले, म्हणजे तिनेच थांबवले, असं तो समजला असणार. आणि बाईने दार लावलं, तर टकटक न करणाऱ्यांतला तो होता. त्याच्या याच गुणावर तर तिचा जीव जडला होता, आणि आता हाच गुण तिचा जीव घेत होता.

डबा उघडावासा वाटेना. मेट्रो वळणावर किंचाळत जायची, तो आवाज तिला पूर्वी कधी ऐकू आला नव्हता. घरी गार्गी म्हणाली, "आई, तू ऐकतच नाहीस," आणि खरंच, ती ऐकत नव्हती. आईने आता फुलाबद्दल विचारणंच सोडलं होतं. आई गप्प बसली, की समजावं, तिला सगळं कळलंय.

त्या सकाळी क्षमा ऑफिसच्या जिन्यात, मधल्या मजल्यावर थांबली. दहा वाजायचे होते. खिडकीतून एलबीएस रोडचा हॉर्नचा कल्लोळ वर येत होता. नंबर तिने अलार्ममधून पुसला होता. बोटांतून तो कुठे पुसला जाणार?

पहिल्याच रिंगला त्याने उचलला. "क्षमा? काय पडलं?"

"काही नाही पडलं. सगळं हिरवं आहे."

"मग?"

"मग... काही नाही. फोन केला."

पलीकडे एक पंखा फिरत होता. त्याची घरघर इथवर येत होती.

"मेसेज बंद झाले," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला नको असेल..."

"बंद करावेच लागले रे. तुला माहीत नाही मी काय करून बसले होते. ती लिमिट आहे ना, मी ती..."

"निम्म्यावर आणली होतीस."

ती जिन्यावर बसली. पायरी धुळीची होती, ड्रेस पांढरा होता. तरी बसली.

"तुला कळलं होतं? कधी?"

"पहिल्याच दिवशी. अगं बाई, लिमिट मीच घातली होती ना? मेसेजात आकडा येतो. तेवढ्याशा आकड्याला पिवळं व्हायचं कारणच नव्हतं."

"आणि रोज साळसूदपणे विचारत होतास, काय झालं गं म्हणून!"

"मग काय करू?"

"बोलायचंस ना!"

"बोललो असतो," तो सावकाश म्हणाला, "तर तू ती परत वर नेली असतीस."

तिने तोंडावर हात धरला. हसू होतं की रडू, तिचं तिलाही कळेना. वरून कोणीतरी पाणी पिऊन ग्लास आपटल्याचा आवाज आला.

"क्षमा... मी एक विचारू?"

"नको," ती घाईने म्हणाली. "तू विचारू नकोस. आज मी सांगते. विचारल्यावर सगळेच सांगतात." तिने श्वास घेतला. "मला गार्गी आहे."

"माहितीय."

"आई आहे. भटवाडीतली दीड खोली आहे. गल्लीत लोक बोलतील ते बोलतील."

"बोलू देत."

"मध्ये मध्ये करू नकोस रे, मग मला जमणार नाही. मी अजून कोणाला विचारलेलं नाही. आईला नाही, गार्गीला नाही. फक्त स्वतःला विचारलंय. मला तू हवा आहेस. पिवळं झाल्यावर नाही. असाच. रोजचा."

पंख्याची घरघर. मग तीही थांबली. त्याने पंखा बंद केला असावा, नीट ऐकू यावं म्हणून.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"ऐकू आलंय तुला."

"आलंय. तरी म्हण ना."

"हवा आहेस," ती म्हणाली. "ये."

"इथलं काम अजून..."

"मला माहितीय. आत्ता ये नाही म्हणत. पण ये. येणारेस एवढं माहीत असलं, की मी थांबेन. मला येतं थांबायला."

"येतो, क्षमा," तो म्हणाला. आणि पुन्हा, जणू पहिल्यांदा पुरेसं झालंच नव्हतं, "येतोच."

वरून सुयोगची हाक आली. "ताई! अहो ताई, दहा वाजून गेले!" ती उठली नाही. शाखाशाखांतून माणसं पासवर्ड टाकत असतील, वर पडद्यावर आकडा चढत असेल. मग केव्हातरी उतरलाही असेल. जिन्यातल्या धुळीत बसून ती मिहिरला गार्गीच्या दाताची गोष्ट सुरुवातीपासून सांगत होती, आणि तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा विचारत होता, "मग? मग काय झालं?"